मोबाईलवाल्याची शिकवणी

शेलार गावात मी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. बायका एकेक करून गळू लागल्या, तेव्हा कळलं, त्या नाक्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे शिकायला बसतात. मी भांडायलाच गेले. कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून तो एका मावशीला फोनवर तिच्या लेकीचं नाव वाचायला शिकवत होता.

"आधी स्वर शिकवावे लागतात," मी बी.एड.च्या तोऱ्यात म्हणाले.

"बाई, तुमचा अ अननसाचा. मावशीला अननसाला फोन करायचा न्हाय."

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. "व... नि... ता," तिने बोट ठेवून वाचलं आणि पहिल्यांदाच कुणाला न विचारता फोन उचलला. "बोल गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्गात उरलेल्या दोघींना मी विचारलं, "कुणाच्या फोनची वाट बघता?" आणि तीच नावं फळ्यावर लिहिली.