तळची डाळ

"माय, पळी तळाला जाऊ दे."

जेवायला बसलं की पंचशीलाचं हे ठरलेलं. धुरपताबाईला आधी ते उर्मट वाटायचं, मग हसू यायचं. पुढं तर ताटली हातात घेतली की ते कानात वाजायचं.

जळकोटजवळच्या त्या घरात डाळ वाढायची एक रीत होती. पातेल्यात वर पाणी, खाली घट्ट डाळ. पळी खोल घालायची ती थोरल्या लेकासाठी, व्यंकटीसाठी, कारण तो तालमीत जाई. मायलेकींनी वरचं पिवळं पाणी भाकरीवर घ्यायचं. बाप होता तेव्हाही असंच होतं, आणि धुरपताबाईच्या मायच्या घरीही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला पोलीस हवे होते, त्यात बायाही. दहावी झालेली पंचशीला पहिल्या भरतीला गेली आणि वजनात कमी भरून परत आली.

मग धुरपताबाईनं बाजाराला न्यायच्या बैलासारखं लेकीला चारलं. गूळ-भाकर, तेल ओतलेला भात, कण्यांची गोड खीर, वर दुपारची झोप. उन्हात म्हणून जाऊ दिलं नाही. पुढच्या भरतीत वजनाच्या काट्यानं मान डोलावली. पण पळताना पंचशीला कमरेवर हात ठेवून मधेच थांबली, आणि फेकलेला लोखंडी गोळा तिच्या पायापाशीच पडला.

व्यंकटी खो-खो हसला. "माय, पोत्यात भुसा कोंबला तरी पोतं जड होतंच की!"

पंचशीला रडली नाही.

त्या साली पाऊस फिरकला नाही. मायलेकी रोजगार हमीवर खडी फोडायला जाऊ लागल्या. एका संध्याकाळी तालमीचे वस्ताद ईश्वरप्पा अंगणात येऊन व्यंकटीवर चिडले.

"धुरपता, ह्याचा गूळ कमी कर. लई गूळ, लई तेल चरबीत जातं. भाकर ऱ्हाऊ दे, पळायला तीच लागती. पर अंग बांधायचं तर डाळ, हुलगे, अंडी. अन् मेहनत. मेहनतीबिगर काय बी बांधत न्हाई."

पंचशीला हातपाय धूत होती. तिनं सगळं ऐकलं. जेवणाला तिनं व्यंकटीच्या आधी ताटली पुढं केली.

"माय, पळी तळाला जाऊ दे."

"खुराक पैलवानाचा असतो, पंचे," व्यंकटी म्हणाला.

"दिसभर हातोडा कोण हाणतंय? तू का मी?"

"दंडात बेटकुळ्या आल्यावर करून घेणार कोण तुला?"

"सरकार घेईल की."

धुरपताबाईचा हात थांबला. दुष्काळात डाळ मूठभरच शिजायची. इथं पळी बुडवली तर पोराच्या ताटात पाणी जाणार. लेकीच्या तळहातावरचे फोड तिला दिसले. तिनं पळी बुडवली.

व्यंकटी ताट सरकवून उठला. दुसऱ्या दिवशी भूक त्याला परत घेऊन आली. तेव्हा धुरपताबाईनं डाळ तळापासून ढवळली आणि तिघांना सारखी वाढली. घट्ट डाळीची चव तिच्या जिभेला इतक्या वर्षांनी कळली. तरी सवयीनं पळी वरवर फिरायची, आणि पंचशीला तिला बोलायचीच.

हुलगे आले, कोंबडीची अंडी विकायची बंद झाली. पंचशीला पहाटे माळावर पळायची, मग खडीवर जायची. धुरपताबाईनं तिला धान्याच्या काट्यावर उभं केलं आणि कपाळाला हात लावला.

"वजन तर तेवढंच हाय गं!"

"असू दे. माझी नाडी बघ, बाही बघ."

खरंच, परकराची नाडी आवळावी लागत होती आणि चोळीच्या बाह्या दंडावर काचत होत्या. धुरपताबाईनं त्या उसवल्या आणि आत कापडाची पट्टी घातली.

तिसऱ्या भरतीत गोळा आखलेल्या रेषेपलीकडं गेला.

पोलीस ट्रेनिंगला निघायच्या दिवशी व्यंकटीनं लोखंडी पेटीला हात घातला. "आण, फाट्यापर्यंत मी घेतो."

"ऱ्हाऊ दे, दादा. तुझा गूळ सुटला का आधी सांग."

पेटी तिनं एका झटक्यात खांद्यावर घेतली आणि फाट्याकडं निघाली. मागं वळली नाही. बाई एवढी पेटी एकटी नेते म्हणून पारावरची माणसं बघत राहिली. व्यंकटी रिकाम्या हातानं बघत राहिला. आणि दारातून धुरपताबाई बघत राहिली, लेकीच्या दंडावरच्या त्या शिवणीकडं. ती ताणली होती, पण उसवली नाही.