घराबाहेरचा एक माणूस

समोरच्याला एका वाक्यात गप्प करणारी माणसं पुण्यात गल्लोगल्ली मिळतील. पण ‘बरं आहे’ एवढंच उत्तर देऊन माझ्या थोरल्या साडूंच्या तावडीतून सुटलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. “बरं म्हणजे कितपत बरं? कालच्यापेक्षा बरं, की आपलं म्हणायचं म्हणून बरं?” असं विचारून ते समोरच्याच्या तोंडाकडे असे बघत राहतात की बिचाऱ्याला खरं बोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दूधवाल्याला बायकोशी झालेलं भांडण सांगावं लागतं, वॉचमनला गावाकडची भाऊबंदकी सांगावी लागते. एकदा दाढदुखीसाठी दवाखान्यात गेले, तर तासाभरानं बाहेर आले ते दाढ तशीच ठेवून. “डॉक्टर आज फार मनाला लावून बसले होते,” म्हणाले, “मीच म्हटलं, दाढेचं उद्या बघू.”

या माणसानं उभा जन्म शहराच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून काढला हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. कंडक्टरला माणसं कमी भेटतात असं नाही, उलट साडूंना लाखांनी भेटली असतील. पण त्यांचं दुःख वेगळंच. निवृत्त झाल्यावर एकदा चहा पिताना ते मला म्हणाले, “तीस वर्षं माणसं माझ्याशी फक्त गावाचं नाव बोलली. ‘एक वारजे.’ ‘दोन डेक्कन.’ एखादी बाई रडवेल्या चेहऱ्यानं तिकीट मागायची, वाटायचं विचारावं काय झालं. तोवर मागून कोणीतरी ओरडायचं, ‘ओ मास्तर, सुट्टे द्या.’ पुढचं ऐकायचं राहूनच गेलं सगळं.”

मी एका संशोधन संस्थेत फील्डच्या कामावर देखरेख करतो. त्या वर्षी आमच्याकडे एक नवं सर्वेक्षण आलं होतं. शहराच्या कडेला नव्या वसाहती झाल्या, तिथे मुलांबरोबर राहायला आलेली साठीपुढची माणसं दिवसभर करतात काय, कोणाशी बोलतात, हे बघायचं होतं. पद्धत आधुनिक. आमच्या माणसानं टॅब घेऊन घरी जायचं, संमती घ्यायची, त्या माणसाच्या मोबाइलवर आमचं अ‍ॅप घालून द्यायचं; मग दोन आठवडे फोन रोज किणकिणणार आणि तेच ते प्रश्न विचारणार. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आमच्या माणसानं फोन करून प्रश्न वाचून दाखवायचे आणि उत्तरं भरायची. या कामाला माणसं कमी पडत होती, आणि साडू घरात थोरल्या मेहुणीला दिवसभर प्रश्न विचारून हैराण करत होते. मी एका दगडात दोन पक्षी मारायला गेलो.

पहिला सराव त्यांनी घरातच केला. टॅब मांडीवर घेऊन त्यांनी बायकोला विचारलं, “तुमचं म्हणणं ऐकून घेणारं घरात कोणी आहे का?” ताई मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, “पर्याय वाचा.” साडूंनी वाचले, “नेहमी, कधी कधी, क्वचित, कधीच नाही.” ताई म्हणाल्या, “शेवटचा लिहा.” साडूंनी निमूटपणे तो भरला, कारण उत्तरात ढवळाढवळ करायची नाही असं मीच त्यांना शिकवलं होतं. मग मात्र दिवसभर बायकोशी अवाक्षर बोलले नाहीत आणि त्या उत्तराला आणखी बळकटी आणली.

टॅबला ते ‘पाटी’ म्हणत. ताईंनी जुन्या साडीची एक पिशवी शिवून दिली होती, तिच्यात घालून छातीशी धरून नेत. प्रत्येक घरापाशी ती पाटी आपण कुठे उभे आहोत हे आकाशाला विचारून नोंदवते, आणि उंच इमारतींमध्ये तिला ते पटकन कळत नाही. साडूंना अंदाजपंचे काम मान्य नाही. वारज्यात एका रस्त्याच्या मधोमध ते दोन्ही हात वर करून, टॅब आभाळाकडे धरून, एक पाऊल पुढे, दोन पावलं मागे असे पाच मिनिटं फिरत होते. वर डोळे, ओठांवर पुटपुट. मी स्कूटर लावून पोचलो तोवर वडापाववाल्यानं गाडीवरचं छप्पर उतरवायला घेतलं होतं आणि शेजारचा चप्पलवाला हात जोडून म्हणत होता, “साहेब, रस्तारुंदीत किती फूट घेणार तेवढं तरी सांगा!” साडू त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “तुमचं वय साठीच्या पुढे आहे का? नाही? मग तुमच्याशी माझं काही काम नाही.”

संमतीपत्राचं तर त्यांनी व्रतच घेतलं होतं. बाकीची पोरं “आजोबा, इथे अंगठा टेकवा” म्हणून दोन मिनिटांत मोकळी होत. साडू चारही पानं मोठ्यानं वाचत आणि मग म्हणत, “सही नंतर. मी काय सांगितलं ते आधी मला सांगा.” कर्वेनगरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी “मला कळतं हो सगळं” असं म्हटलं, तर हे म्हणाले, “मग सांगा की.” प्राध्यापक दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा पास झाल्यावर त्यांनी आनंदानं साडूंना पोहे खायला घातले.

वाघोलीला एका टॉवरमध्ये दहाव्या मजल्यावर एका तरुणानं दार उघडलं आणि कानातलं यंत्र न काढताच सांगितलं, “अंकल, वुई आर नॉट इंटरेस्टेड.” साडू म्हणाले, “मी तुमच्याकडे आलोच नाही. तुमचं वय बसत नाही. आत कोण आहे?” आत त्याची आई होती. विदर्भातल्या एका खेड्यातून दोन वर्षांपूर्वी आणलेली. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात, आणि ही बाई संध्याकाळपर्यंत बाल्कनीच्या जाळीतून खालच्या गाड्या बघत बसे. वाचता येत नव्हतं, म्हणून तिचे प्रश्न रोज साडूंनी फोनवर वाचायचे ठरलं.

साडूंचा वेग दिवसाला दोन माणसं, इतरांचा दहा. मी मनातून धास्तावलो होतो. पण आठ-दहा दिवसांत आमच्या मॅडम, ज्यांचं हे सगळं संशोधन, आनंदानं माझ्या टेबलाशी आल्या. इतरांची निम्मी माणसं पाचव्या दिवशी अ‍ॅपला कंटाळून गळाली होती. साडूंचा एकही माणूस गळाला नव्हता! बैठकीत मॅडम पोरांना म्हणाल्या, “काकांकडून शिका जरा.” साडूंनी खाली मान घातली. माझी वर झाली.

ती चार दिवसच वर राहिली. पाचव्या दिवशी मॅडमनी दोघांनाही आत बोलावलं. संगणकावर साडूंच्या माणसांची उत्तरं होती. ‘आज घराबाहेरच्या कोणाशी बोललात का?’ सगळ्यांचं उत्तर, हो. ‘किती जणांशी?’ बहुतेकांचं उत्तर, एक.

“काका,” मॅडमनी विचारलं, “हा एक कोण?”

“मी,” साडू म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“तुम्ही सगळ्यांना रोज फोन करता?”

“संध्याकाळी पाचाला सुरुवात करतो, जेवायच्या आत संपतं.” साडू सरळ बसून सांगू लागले. “त्याचं असं झालं. त्या वाघोलीच्या आजी. पहिल्या दिवशी विचारलं, आज बाहेरच्या कोणाशी बोललात? म्हणाल्या, नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘काऊन नाही? तुमच्याशी बोलून राहिली ना मी. तुमी बाहेरचेच ना, भाऊ?’ मी प्रश्न पुन्हा वाचला. नियमानं मी बाहेरचाच. म्हणून ‘एक’ भरला. तो ‘एक’ भरला असं सांगितलं, तेव्हा त्या हसल्या, मॅडम. मग वाटलं, एकीलाच फोन करायचा आणि बाकीच्यांना नाही, हा पक्षपात झाला.”

“अहो, पण ही माणसं एरवी कोणाशी बोलतात का, तेच तर बघायचं होतं आपल्याला! तुम्हीच रोज बोलायला लागलात तर मला कळणार कसं?”

“एरवी नाही बोलत,” साडू म्हणाले. “ते पहिल्या दोन दिवसांतच कळलं होतं. ते कळल्यावर पुढचे बारा दिवस नुसतं बघत कसं बसायचं, ते तुमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.”

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. बाई चांगल्या होत्या. त्यांनी आवाजही चढवला नाही, पण संशोधनाचे नियम कोणासाठी वाकत नाहीत. साडूंची सगळी माणसं हिशेबातून बाजूला काढावी लागली. साडूंना काम सोडावं लागलं. शिवाय, मॅडम संकोचून म्हणाल्या, सहभागी लोकांचे नंबर कोणाच्याही खासगी फोनमध्ये राहता कामा नयेत.

“बरोबर आहे,” साडू म्हणाले. “संमतीपत्रात तिसऱ्या पानावर आहे. मीच वाचून दाखवलंय त्यांना.”

त्यांनी पाटी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. मग स्वतःचा फोन काढला आणि एकेक नंबर पुसायला लागले. प्रत्येक वेळी फोन विचारायचा, नक्की पुसायचा का? साडू थांबायचे, आणि ‘हो’ दाबायचे. “द्या काका, मी करते,” असं मॅडम म्हणाल्या, तर त्यांनी नुसती मान हलवली. उन्हाचा कवडसा टेबलावरून भिंतीवर चढेपर्यंत ते चाललं होतं. मला लाज वाटत होती, पण नक्की कशाची, ते तेव्हा सांगता आलं नसतं. घरी जाताना स्कूटरवर मागे बसून ते एवढंच म्हणाले, “तुमच्या नावाला बट्टा नाही ना लागला?”

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. माणूस कोणाला काही विचारीनासा झाला. ताईंचा मला फोन आला, “अहो, आज मी काय भाजी केली तेही ह्यांनी विचारलं नाही. काय ते बघा तुम्ही.” साडूंकडे कोणाचे नंबर नव्हते, पण त्यांचा नंबर लोकांकडे होताच. दोघातिघांनी आपणहून फोन केले. प्राध्यापकांनी तर “तुम्ही फोन बंद केलात, हे सभ्यपणाला धरून नाही” असं सुनावलं. तेवढ्यानं साडू जरा माणसात आले. वाघोलीहून मात्र काही नव्हतं. वाचता येत नाही, तर नंबर कसा लावणार?

तीनएक आठवड्यांनी, आम्ही साडूंकडे जेवायला बसलो असताना, त्यांचा फोन वाजला. पलीकडून आवाज एवढा मोठा की सगळ्यांना ऐकू आलं, “भाऊ, मी बोलून राहिली. सुनेनं तुमचं चित्र लावून देल्लं फोनवर, ते दाबलं का लागते. मी गावाले चालली उद्या. लहाना पोरगा न्यायले आला.”

दुसऱ्या दिवशी मी साडूंना गाडीनं वाघोलीला नेलं. टॉवरखाली आजी नवी साडी नेसून, बोचकं पायाशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी साडूंच्या हातात जवसाच्या चटणीची बरणी दिली. साडूंनी विचारलं, “गावी करमेल?”

“करमन की. तिथं बोलाले मानसं हायेत.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुमी फोन करान न?”

“माझ्याकडे तुमचा नंबर नाही, काल आलेला तोही पुसला. नियम होता.”

“मंग मीच करीन,” आजी म्हणाल्या, आणि लेकानं हात दिला तशा रिक्षात चढल्या. साडूंना तो नंबर तेव्हाच पुन्हा मागता आला असता. सर्वेक्षण केव्हाच संपलं होतं. मी परतीच्या वाटेवर तसं म्हणालोही. साडू म्हणाले, “आपणहून दिला असता तर घेतला असता.”

आजींनी शब्द पाळला. पंधरा दिवसांतून, महिन्यातून कधीतरी त्यांचा फोन येतो. त्यांच्या गावात रेंज कमी, म्हणून शेताच्या बांधावर उभ्या राहून बोलतात म्हणे. फोन आला की साडू बाल्कनीत जातात आणि ताई न सांगता टीव्हीचा आवाज कमी करतात. साडू काही विचारत नाहीत. नुसते “हं… हं… मग?” एवढंच चालतं. परवा मी तिथेच होतो. ते कठड्याला टेकून ऐकत होते, आणि मध्येच फोन कानावरून काढून त्याच्याकडे बघायला लागले.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“काही नाही. कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत म्हणाल्या. धाकट्या लेकीचं काहीतरी सांगायला लागल्या होत्या, तेवढ्यात लाईन गेली.”

मी म्हटलं, “करतील परत.”

“करतील,” ते म्हणाले. पडद्यावर आलेला नंबर त्यांनी लावला नाही, पण आतही आले नाहीत. ताईंनी पानं वाढली, दोनदा हाक मारली, तरी फोन हातात धरून ते तसेच उभे होते.