डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणं

सोलापुरात आमची एकच खोली होती. वडील गिरणीत, आई घरी विड्या वळायची. पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि सूप मांडीवर घेऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एका जागी बसायची. पानांचं पाणी लुगड्यात झिरपायचं. दुसरं लुगडं होतं, पण ते वाळलेलं असेलच असं नाही. आतली फडकी तर उन्हात कधी पडलीच नाहीत. दोरीवर टॉवेल, टॉवेलखाली फडकं, चाळीतल्यांना दिसायला नको. ती तशीच दमट अंगावर यायची.

आईच्या अंगावरून पांढरं जायचं. आमच्याकडच्या बायका त्याला धुपणी म्हणायच्या, आणि म्हणून झालं की विषय बदलायच्या. खाज सुटली की आई सूप खाली ठेवून मोरीत जायची, तुरटीच्या पाण्यानं धुवायची, परत येऊन बसायची. "डॉक्टरकडं जा की," मी एकदा म्हटलं. कॉलेजात होते तेव्हा.

"जाऊन काय सांगू?" आई म्हणाली. "तू शिकलीस न्हवं, तूच सांग काय म्हणायचं असतंय ते."

आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट, बी.एस्सी., केमिस्ट्री. आम्लं आणि अल्कली मला झोपेतसुद्धा पाठ होती. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

लग्न होऊन मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आले, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे तेलाच्या कंपनीत इंजिनियर. मी एका बँकेत लागले, आतल्या खोलीत चेक तपासायला. बायकांनी स्कर्ट आणि कमरेपर्यंतचे नायलॉनचे मोजे घालायचे असा नियमच होता. बाहेर टेक्सासचा उन्हाळा. गाडीत बसलं की उकडीच्या पातेल्यात बसल्यासारखं वाटायचं, आणि बँकेत पोचेपर्यंत मोजे कातड्याला चिकटलेले असायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात मला तेच सुरू झालं. तीच खाज, तीच आग, आणि फाटलेल्या दुधासारखं पांढरं. मला रडूच आलं. आईनं ओल्यात बसून जन्म काढला होता. मी एअरकंडिशनमध्ये बसत होते, नळाला हवं तेव्हा गरम पाणी होतं, भिंतीवर डिग्री लावलेली होती. तरी तेच.

तेव्हा या आजाराचं मलमसुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नसे. म्हणून दवाखान्यात गेले. नर्सनं विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, बर्निंग. लघवीला जाताना. तिनं लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "एनी डिस्चार्ज?"

आता डिस्चार्ज म्हणजे काय हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. पेशंट बरा झाला की डिस्चार्ज मिळतो. मी ताठ बसून म्हटलं, "नो, नो. आय वॉज नेव्हर अ‍ॅडमिटेड."

तिनं माझ्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी खूण केली आणि गेली. डॉक्टर घाईत होते. लघवीचं इन्फेक्शन असणार म्हणाले, अँटिबायोटिक लिहून दिलं. मी इंग्रजीत उत्तरं दिली, औषध घेऊन आले, आणि एकही गोळी चुकवली नाही.

गोळ्या संपल्या आणि आग दुप्पट झाली. खुर्चीवर बसवेना. बँकेत मी उगाच उठून पाणी प्यायला जायची, तेवढंच चालणं. घरी ह्यांना एवढंच म्हटलं की बरं वाटत नाही.

"अगं, मग परत जा ना डॉक्टरकडे."

"जाऊन काय सांगू?" मी म्हणाले. ते वाक्य माझं नव्हतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात नागपूरचे एक डॉक्टर काका होते, सगळ्यांत आधी आलेले. शनिवारी त्यांच्याकडे जेवण असायचं. "काय गं, चेहरा उतरलाय?" काकांनी विचारलं. समोर डॉक्टर उभा, आपल्या भाषेत विचारतोय. मी म्हटलं, "काही नाही काका, ऊन फार आहे."

काकूंनी मात्र मला स्वयंपाकघरात गाठलं. "केव्हाची बघतेय, एका अंगावर कलून बसतेस. अंगावरून जातंय का?"

मी हो म्हणायच्या आधीच रडायला लागले.

"काकांना सांगू?"

"नको! काकू, शपथ आहे तुम्हाला."

"बरं बाई. मग दही खा. साखर बंद कर. आणि पावसुद्धा. त्यात यीस्ट असतं, इथल्या मासिकात आलंय."

पावातलं यीस्ट तिकडे कसं पोचतं, हे माझ्या केमिस्ट्रीत बसेना. पण करून बघायला माझ्याकडे दुसरं होतं काय?

मी दुकानातून योगर्ट आणलं. योगर्ट म्हणजे दही, हे मला माहीत होतं. स्ट्रॉबेरीचं चांगलं लागायचं, म्हणून रोज तेच. एक दिवस ह्यांनी डबी हातात घेऊन वाचली. "अगं, तू साखर सोडलीयस ना? ह्यात दुधाखालोखाल साखरच आहे." म्हणजे औषध म्हणून मी साखर खात होते. मग काकूंनी स्टीलच्या डबीतून विरजण दिलं आणि मी घरी दही लावायला लागले.

मासिकातलं पुढचं पान काकूंनी नंतर दाखवलं. आंबवलेलं काही खाऊ नये. "आणि दही?" मी विचारलं. "दही खावं." "काकू, दही काय न आंबवता होतं?" काकू म्हणाल्या, "मला नको विचारूस, मी बी.ए. आहे."

पाव सोडला, इडली सोडली. कच्चा लसूण खाल्ला, तेव्हा बँकेत शेजारची बाई खुर्ची सरकवून बसायला लागली. त्रिफळ्याच्या पाण्यानं धुतलं. दोन दिवस जरा बरं वाटायचं, की परत. कशानं बरं वाटलं आणि कशानं परत आलं, काही कळायचं नाही. गणपतीत मी मोदकाला नको म्हटलं, तर सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या. "गोड नको? काय गं, गोड बातमी वाटतं!" मी हसले. दुसरं काय करणार? ह्यांनीही माझ्याकडे आशेनं पाहिलं, आणि मला मोदकाच्या ताटाकडेसुद्धा बघवेना. त्या दिवसांत ते जवळ आले तरी मी काहीतरी निमित्त काढायची. खरं काय ते ज्याला सांगायला हवं त्याच माणसाला सांगता येत नव्हतं, आणि ते माणूस माझ्याच घरात होतं.

शेवटी काकूंनीच एका बाई डॉक्टरची वेळ घेतली, मला गाडीत घातलं आणि बाहेरच्या खोलीत पर्स धरून बसल्या. आत पुन्हा तोच प्रश्न. एनी डिस्चार्ज? मी पुन्हा म्हटलं, नो, नॉट अ‍ॅडमिटेड.

डॉक्टरीण थांबली. "अ‍ॅडमिटेड? कुठे?"

"कुठेच नाही. म्हणून तर डिस्चार्ज नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. हसली नाही, हे मी विसरणार नाही. सावकाश म्हणाली, मी विचारतेय ते हे, की अंगातून काही बाहेर जातं का? कपड्याला लागतं का? कुठल्या रंगाचं?

"व्हाइट," मी म्हणाले. कान गरम झाले होते. "लाइक स्पॉइल्ड मिल्क. माय मदर ऑल्सो."

मग पुढचं भराभर झालं. तिनं तपासलं, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. हे यीस्ट आहे म्हणाली, आणि त्या अँटिबायोटिकनं ते वाढलं. रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. आत लावायचं मलम दिलं. दही-लसणाचं सगळं ऐकून म्हणाली, दही खा, अन्न म्हणून चांगलं आहे, पण त्यानं हे बरं होईल असं मी सांगणार नाही. आत दही, लसूण, काढे काही घालू नकोस. वासाचा साबण नको. सुती कपडे, कोरडे. मोजे बँकेत पोचल्यावर चढव आणि निघताना उतरव.

गाडीत काकूंनी विचारलं, "काय म्हणाली?"

"काकू, डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणं नव्हे."

काकूंना कळायला एक सिग्नल लागला. मग त्या इतक्या हसल्या की मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मीही हसले, आणि घरी जाऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, मीच नकोसा झालोय."

मलम पुरं व्हायच्या आत खाज थांबली.

पुढच्या हिवाळ्यात सोलापूरला गेले आणि आईला बाई डॉक्टरकडे नेलं. तिथे बसल्यावर आई माझ्याकडे बघायला लागली, तू सांग म्हणून. मी मानेनंच म्हटलं, तूच सांग. मग तिनंच पदर नीट केला आणि म्हणाली, "बाई, माझ्या अंगावरून पांढरं जातंय. लई वर्सं झाली."

बाईंनी तपासून औषध दिलं. फडकी उन्हात पडायला लागली, टॉवेलशिवाय. मी परत निघायच्या आत आईचा त्रास गेला.