हरिपूरच्या रस्त्यावरचा कंदील

आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतासाठी, दाराला टांगायला नाही. अमावस्येला मुद्दाम नवीन स्कूटर घेऊन आलेला माणूस आहे मी... त्यामुळे मी हे लिहायला बसलोय याचं सगळ्यात जास्त नवल बायकोलाच वाटतंय.

गोष्ट सांगलीची, नव्वदच्या दशकाच्या मधली. मे महिना. एका क्लबने ट्रायथलॉन ठेवली होती - आधी कृष्णेत पोहायचं, मग सायकलने तासगावला जाऊन परत, आणि शेवटी हरिपूरपर्यंत पळत जाऊन माघारी. मी आणि ज्ञानूने नावं दिली. ज्ञानू माझ्याच वर्कशॉपमध्ये कामाला. मूळचा साताऱ्याकडचा, माण तालुक्यातल्या मेंढपाळांच्या घरातला. तिकडे प्यायला पाण्याची मारामार, पोहणार कुठे? पाठीला डबा बांधून मीच त्याला नदीत शिकवलं. पण पळायला लागला की गडी कुणाच्या बापाला सापडायचा नाही.

शर्यत सकाळी सहाला सुरू व्हायची होती. पण आमच्याकडे प्रमुख पाहुण्यांशिवाय शिट्टी वाजत नाही! साहेब उगवले साडेआठला. मग हार, मग नारळ, मग 'तरुणांनी व्यायाम करावा' यावर भाषण. आम्ही चड्डीवर घाटावर उभे. पोहून, सायकल मारून पळायला लागलो तेव्हा डोक्यावर बाराचं ऊन. डांबर बुटाला चिकटत होतं, आणि पाणी वाटणारे कार्यकर्ते जेवायला गेलेले. ज्ञानू पहिला, मी तिसरा.

आता हरिपूरची पेवं ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली कोठारं ती. तोंड एवढंसं, माणूस कसाबसा आत जाईल इतकं. बंद पेवात हवा मरते. माझे वडील जन्मभर पेवांवर राबले. त्यांचा नियम एकच - पेव उघडलं की आधी दोरीने कंदील सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर देव आला तरी नाही.

तर, हरिपूर थोडंच राहिलं होतं. रस्त्याकडेच्या चिंचेखाली एक म्हातारा बसलेला. मुंडासं, उघडं अंग, आणि पुढ्यात कंदील. पेटलेला! भर दुपारी! मला बघून त्याने तो उचलून धरला आणि... ज्योत बसली. वारा नाही, फुंकर नाही.

"विझला रं," एवढंच म्हणाला.

"आवं काका, एवढ्या उन्हात कंदील? डोस्कं फिरलंय का तुमचं?" असं म्हणून मी पुढे निघालो.

शंभरेक पावलं गेलो असेन. वडिलांचा नियम आठवला. समोर रस्ता लांबवर सरळ होता... दुसऱ्या नंबरचा पळताना दिसत होता, पण त्याच्या पुढे ज्ञानू नव्हता. एव्हाना माघारी येताना तरी दिसायला हवा होता. तिसऱ्या नंबरची ट्रॉफी गेली खड्ड्यात, मी मागे फिरलो.

चिंचेखाली कोणी नव्हतं. मागच्या मोकळ्या रानात पेवं होती, आणि एका उघड्या पेवाच्या तोंडाशी ज्ञानूचे बूट. नीट जोडून ठेवलेले. पठ्ठ्या काखेपर्यंत आत उतरला होता, डोळे पांढरे व्हायला लागलेले. मी त्याचा दंड धरला.

"सोड रं गड्या... जळतोय की. खाली लय गार हाय."

मी त्याच्या मुस्काटात दिली आणि बगलेत हात घालून खेचलं. कसा खेचला, देव जाणे. ओरडा ऐकून पलीकडच्या शेडमागे जेवत बसलेले कामगार धावत आले. सकाळीच त्यांनी ते पेव उघडून हवेला ठेवलं होतं. शेडमधला कंदील आणून पेटवून सोडला... दोन हात गेला नसेल, विझला.

"मयतच काढाय लागलं असतं, पावनं," त्यांच्यातला एक म्हणाला. म्हाताऱ्याचं विचारलं तर असा कुणी माणूस त्यांच्यात नव्हता. मी तिथंच मातीत बसून रडलो, लाज न बाळगता.

पुढे दर मे महिन्यात मी त्या चिंचेखाली नारळ फोडू लागलो. मी! बायको हसायची. ज्ञानू मात्र कधी आला नाही. तिसऱ्या वर्षी माझं टाळकं सरकलं. "अरे, ज्याच्यामुळं तू जित्ता हाईस त्याला एक नारळ द्यायला तुझं काय जातंय?"

ज्ञानू म्हणाला, "त्यानंच मला आत धाडलं, गड्या. पेटलेला कंदील दावला. म्हनला, बघ, जळतोय, खाली गार हाय, उतर बिनघोर."

पेवात आधी कंदील सोडतात हे माणच्या या गड्याला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. वडिलांचा नियम मी त्याला सांगितला तो त्याच दिवशी, घरी आल्यावर. मग पेवाच्या तोंडाशी 'जळतोय की' हे तो कुठून म्हणाला?

उन्हाने माझं डोकं फिरलं असं म्हणा, मी मान्य करतो. पण दोघांची डोकी एकाच कंदिलावर कशी फिरतील?

त्या वर्षीचा नारळ पिशवीतून तसाच परत आला. बायकोने चटणी केली, मला घास गेला नाही. कारण तेव्हापासून एकच डोक्यात घोळतंय... 'विझला रं' म्हणताना तो मला सावध करत होता, की काम झालं एवढंच कळवत होता?