लिलाअक्कांनी उभा केलेला तुकडा

आमच्या धुळ्याच्या लॅबमध्ये पाहुणे आले की त्यांना नवी मशिनं दाखवायची असा नियम आहे. मी आधी लिलाअक्का दाखवते. मशिनं काय, कुठेही मिळतात.

लिलाबाई चौतीस वर्षांपूर्वी इथे बाटल्या धुवायला लागल्या. शिक्षण दहावी. शेजारच्या टेबलावरचं काम बघत बघत शिकल्या. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, मशिनवर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे. या कामात त्यांचा हात धरणारं मला अजून कोणी भेटलेलं नाही. मी इथली डॉक्टर, तोंडाची फटकळ. सगळी लॅब मला घाबरते आणि मी अक्कांना.

गेल्या वर्षीची गोष्ट. साक्रीकडच्या डोंगरातल्या भिकुबाईंच्या गर्भाशयाच्या तोंडावर शिबिरात पांढरा डाग दिसला, म्हणून तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून आमच्याकडे पाठवला होता. रिपोर्ट न्यायला भिकुबाई आपल्या मुलीला, पुनमला, घेऊन आल्या आणि आल्या आल्या बजावलं, "एकदाव कापं. आते मी पुन्हा कापू देवाव नही." बाई एकदा घरी गेली की परत यायची नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरच दिसलं.

आता थोडं समजून घ्या. आपल्या त्वचेतली पेशी तळाला जन्मते, वर सरकता सरकता पिकते, चपटी होते आणि शेवटी मरून गळून पडते. गर्भाशयाच्या तोंडावरचं अस्तरही असंच थराथरानं वाढतं. एचपीव्ही नावाचा विषाणू तिथे ठाण मांडून बसला, की त्याची दोन प्रथिनं सगळी शिस्त मोडतात. ई-सात नावाचं प्रथिन वाढीचा ब्रेक काढतं. पेशी पिकायचं सोडून नुसती विभागत राहते. ई-सहा तर बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारा पहारेकरीच संपवतं. मग कोवळ्या पेशी मरत नाहीत, पिकत नाहीत, तळापासून वरपर्यंत गर्दी करतात. वेळेत काढल्या नाहीत, तर काही वर्षांनी त्यातून कर्करोग होऊ शकतो.

मी भिकुबाईंच्या तुकड्याची काच पाहिली. सगळीकडे कोवळ्या पेशी. पण तळाच्या थरात त्या असतातच. काप तळातून गेला असेल, असं मी धरून चालले, 'घाबरण्यासारखं काही नाही' लिहिलं आणि सहीला पेन उचललं.

"मॅडम, सही करू नका." अक्का दारात उभ्या होत्या. "हाऊ तुकडा मी आडवा बसाडा शे. चूक मनी शे."

इतक्या वर्षांत अक्कांच्या हातून तुकडा आडवा बसला नव्हता. भाकरी वरून कितीही निरखली तरी मोडल्याशिवाय पदर दिसत नाहीत. तसंच या तुकड्याचे थर दिसायचे तर तो मेणात उभाच बसवावा लागतो. आणि ही चूक त्या बोलल्या नसत्या, तर जगात कोणाला कळणार नव्हती.

मी नेहमीप्रमाणे उसळले. "अहो, नुसता तळ आहे तो! बाहेर बाई खोळंबलीय."

"तळ शे का वरलोंग त्याच चढी गयात, हाई आडवामा कसं समजी?" त्या शांतपणे म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं. पेशी नुसत्या तळाच्या की वरपर्यंत चढलेल्या, हे आडव्या कापात कळतच नाही; त्यांचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं.

तुकड्याचा बराचसा भाग कापांत गेला होता. उरली होती नखाच्या कडेएवढी पापुद्री. अक्कांनी मेण वितळवलं, पापुद्री चिमट्यानं उचलली, कडेवर उभी केली आणि मेण गोठेपर्यंत तशीच धरली. चिमटा जरा हलला असता, तर भिकुबाईंच्या नशिबी पुन्हा कात्री होती, आणि कापून घ्यायला त्यांनी आधीच साफ नकार दिला होता. अक्कांनी एकूण चार काप काढले. त्यातला एकच धड निघाला.

तो रंगवून माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली आला. तळापासून वरच्या कडेपर्यंत सगळ्या पेशी कोवळ्या. एकही पिकलेली नाही, चपटी नाही. पण तळाची रेघ शाबूत होती. कर्करोग अजून आत घुसला नव्हता. मी पहिला रिपोर्ट फाडला. नंतरच्या तपासणीत विषाणूचीही खात्री झाली. भिकुबाई उपचाराला तयार झाल्या, कारण आताचं कापणं तपासायला नव्हतं, रोग काढण्यासाठी होतं. तेवढा भाग काढला आणि बाई सुटल्या.

दोन महिन्यांनी त्या आल्या. माझे हात धरायला लागल्या, तेव्हा मी त्यांना आतल्या टेबलाशी नेलं. "माझे नाही, यांचे धरा." खरं सांगते, तेव्हा माझा ऊर अभिमानानं भरून आला होता.

अक्कांनी हात मागे घेतले. "बाई, पहिले सांगी देस. तुना तुकडा आडवा बसाडनारी बी मीच. मी चुकनू व्हतू."

भिकुबाईंनी ते हात ओढून घेतले आणि आपल्या कपाळाला लावले.

"मंग सुधारी बी तूच ना, माय!"