तिथीच्या दिवशीची वंदना

आमच्या विद्यार्थी मंडळाची रविवारची वंदना दहा मिनिटांत आटपायची आणि नंतरची बैठक दोन-दोन तास चालायची. सरस्वतीपुरममध्ये एका मुलानं भाड्यानं घेतलेली खोली, जमिनीवर सतरंजी, स्टुलावर पांढरं कापड आणि त्यावर बुद्धमूर्ती. वंदना झाली की मूर्तीकडे पाठ फिरवून मंडळी बैठकीला बसत. विषय काय, तर बुद्धपौर्णिमेला व्यासपीठावर कोणी बसायचं, हार कोणाला, शाल कोणाला आणि पत्रिकेत कोणाचं नाव आधी. म्हैसूरला एम.ए. करायला आले तेव्हा परक्या गावात आपली माणसं भेटली म्हणून मी हरखून गेले होते. पहिल्या सहामाहीतच माझं डोकं उठलं.

त्या सगळ्यांत महाराष्ट्रातली मी एकटी, आणि बौद्ध घरात जन्मलेलीही मी एकटीच. बाकीची मुलं कन्नड. विद्यापीठात आल्यावर, वाचून, वाद घालून त्यांनी दीक्षा घेतलेली. त्यांना प्रत्येक गोष्टीचा अर्थ माहीत होता आणि पाठ काहीच नव्हतं. माझं नेमकं उलटं. आमच्या घरी रोज संध्याकाळी आई म्हणायची आणि आम्ही भावंडं तिच्यामागून म्हणायचो, त्यामुळे सगळं तोंडपाठ, अर्थाच्या नावानं आनंद. पण मंडळात काहीही अडलं की आमचे अध्यक्ष मान वळवून म्हणत, "सिस्टर महाराष्ट्रातल्या आहेत, त्यांना विचारा." फुलं कशी मांडायची, मला विचारा. दोन्ही गुडघे टेकायचे की एकच, मला विचारा. पहिल्या बुद्धपौर्णिमेला खीरही मलाच करायला लावली. मी ती करपवली, आणि महाराष्ट्रातली पद्धत असेल म्हणून सगळ्यांनी निमूटपणे खाल्ली.

हे अध्यक्ष पीएच.डी. करत होते. बहुतेक अजूनही करत असतील. माणूस वाईट नव्हता, पण चार माणसं एका जागी बसलेली दिसली की त्याला उभं राहिल्याशिवाय चैन पडत नसे.

त्यातच माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गेले. मंडळातला हा सगळ्यात गप्प मुलगा. कृष्णराजनगरजवळच्या एका खेड्यातला, आई-वडील दोघंही दुसऱ्याच्या भातशेतीवर राबणारे. मला तो आमच्याकडच्यासारखं ताई म्हणायचा. बरेच दिवस वर्गात दिसला नव्हता. मग एका रविवारी दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, असा थेट बैठकीत येऊन उभा राहिला. गुरुवारी वडिलांची तिथी होती. त्या भागात अकराव्या दिवसाच्या विधीला तिथी म्हणतात. त्या दिवशी भावकीतल्या बायका जमतात आणि विधवा झालेल्या बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात.

"माझ्या आईला हे नको आहे," तो म्हणाला. "मी आत्याशी भांडलो. घरात तिचाच शब्द चालतो. ती म्हणाली, तुमचा नवा धर्म आहे ना, मग त्यातला विधी करा, आम्ही आड येणार नाही. पण विधी पाहिजे. नुसतं बोलणं ऐकायला भावकी बसणार नाही. विधी झाला नाही तर आमचा करू."

इतकं साधं होतं. एका बाईच्या हातातल्या बांगड्या वाचवायच्या होत्या आणि त्यासाठी एक नीट विधी करायचा होता. ही गोष्ट शेंबड्या पोरालाही कळली असती. आमच्या मंडळाला मात्र त्यावर दोन बैठका लागल्या. अध्यक्षांनी कार्यक्रमपत्रिका केली: स्वागत, प्रास्ताविक, मुख्य भाषण, आभार. मयताच्या घरी आभारप्रदर्शन! कोणाचे आभार मानणार होते, देव जाणे. मी म्हटलं, "वंदना कुठे आहे यात?" तर म्हणाले, "शेवटी वेळ उरला तर तुम्ही घ्या, सिस्टर."

गुरुवारी सकाळी देवराज मोहल्ल्यातल्या पेंटरकडून बॅनर घेऊन आम्ही सातजण बसमध्ये चढलो. मी मार्केटातून पांढऱ्या शेवंतीची फुलं घेतली होती. वाटेत विचारलं, मेणबत्त्या कोणी आणल्या? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बॅनर मात्र चांगला सहा हात लांब होता, आणि त्या घराच्या कुठल्याच भिंतीवर तो मावेना. शेवटी दोन मुलं तो दोन टोकांना धरून उभी राहिली आणि शेवटपर्यंत तशीच उभी राहिली.

घर म्हणजे एक खोली आणि पडवी. पुरुष बाहेर बसले, बायका आत. मुलाची आई दाराआड भिंतीला टेकून बसली होती. चाळिशीची असेल. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि त्या झाकाव्यात म्हणून की काय, दोन्ही हात पदराखाली. तिच्याशेजारी आत्या. आत्याचे हात मोकळे होते. ती स्वतः विधवा झाली त्याला खूप वर्षं झाली असावीत.

अध्यक्षांनी सुरुवात केली. स्वागत झालं, प्रास्ताविक झालं. मग भाषण सुरू झालं ते थांबेचना. इतिहास झाला, शिक्षणाचं महत्त्व झालं, विद्यापीठातल्या नेमणुकांमधला अन्यायही झाला. बाहेरचे म्हातारे विड्या ओढायला उठून गेले. आत्यानं एकदा विचारलं, "आय्ता?" म्हणजे झालं का. थोड्या वेळानं पुन्हा, जरा चढ्या आवाजात, "आय्ता?" आणि मग ती उठली, कोनाड्यातलं ताट काढलं आणि त्यात वरवंटा ठेवला. मुलानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई समोर बसलेली आहे, वरवंटा ताटात आलेला आहे, आणि हा माणूस नेमणुकांवर बोलतोय!

मी उठले आणि बॅनरच्या पुढे जाऊन सरळ जमिनीवर बसले. अध्यक्षांचं वाक्य तोंडातच राहिलं. घरातली पणती मागून घेतली, फुलं मांडली, हात जोडले आणि आईच्या चालीत सुरू केलं.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. मृत्यूच्या वेळी म्हणायच्या ओळी मला जेमतेम येत होत्या, त्या झाल्या. एवढ्यानं काय होणार? बघितलं तर म्हातारे परत येऊन बसले होते, आत्याही बसली होती, पण ताट अजून तिच्या मांडीवर होतं. म्हणून मी थांबलेच नाही. जे जे येत होतं ते सगळं म्हटलं. नामकरणाला म्हणतात ते म्हटलं, घरभरणीला म्हणतात ते म्हटलं, आणि सगळ्यात शेवटी लग्नात म्हणतात त्या मंगलगाथाही खणखणीत आवाजात म्हणून टाकल्या. आमच्या गावातल्या कोणी ऐकलं असतं तर मला उचलून बाहेर ठेवलं असतं. इथे मात्र एक म्हातारा मान डोलवत म्हणाला, "हां, हा विधी." आत्यानं ताट कोनाड्यात ठेवलं.

अध्यक्षांनी जेवताना सगळ्यांना सांगितलं की आपला कार्यक्रम यशस्वी झाला. मग घड्याळ पाहिलं. शेवटच्या बसची वेळ होत आली होती.

मी चपला घालत होते तेव्हा मुलाच्या आईनं माझं मनगट धरलं. "मगळे," ती म्हणाली. मुलीला हाक मारतात तशी. माझं कन्नड यथातथाच, पण ती सावकाश बोलत होती. "तुम्ही सगळे बसनं जाणार. माझा मुलगाही परीक्षेला जाईल. ही माणसं इथंच राहणार. तू म्हटलंस म्हणून ती थांबली. उद्या कोण म्हणणार?"

अध्यक्ष रस्त्यावरून ओरडत होते, "सिस्टर, बस चुकेल!" दोन बैठकांत हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता. मला तरी कुठे सुचला होता? राग आला, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना, म्हणून मी अध्यक्षांवरच काढला. "चुकू दे," मी ओरडून सांगितलं. वसतिगृहात परवानगीशिवाय बाहेर राहिल्याबद्दल वॉर्डनबाई मला फाडून खाणार होत्या, ते वेगळंच. मुलगा बाकीच्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेला.

मी तिला समोर बसवलं आणि आईनं आम्हाला शिकवलं तसं पहिल्यापासून सुरू केलं. बाई कधी शाळेत गेली नव्हती. पहिली ओळ तिच्या तोंडात बसायलाच दिवेलागणीची वेळ झाली. दर वेळी ती मध्येच थांबायची, हसायची, पदरानं तोंड पुसायची आणि पुन्हा म्हणायची. शेवटी एकदा ती ओळ न अडखळता आली.

तेवढ्यात, मुलगा परतायच्या आधीच, आत्या दारात उभी राहिली. मागे भावकीतल्या दोन बायका, हातात तेच ताट. "तुमचं झालं ना सगळं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "छान झालं. आता आमचंही होऊन जाऊ दे. दोन्ही केलेलं बरं."

दिवसभराचा आटापिटा केला तो कशासाठी? मी काही बोलायच्या आत मुलाच्या आईनं हात जोडले, डोळे मिटले आणि येत होती ती एकमेव ओळ मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. ओळ संपली की पुन्हा तीच. बायका दारातच थबकल्या. हात जोडून बसलेल्या बाईला हात कसा लावणार? आत्यानं ताट या हातातून त्या हातात घेतलं. बाहेर गाय हंबरत होती. ओळ चालूच होती. मागच्या दोघींपैकी एक हळूच घरी गेली.

"किती लांब आहे हे?" शेवटी आत्यानं मला विचारलं.

"खूप लांब आहे," मी म्हटलं.

"म्हणजे केव्हा संपेल?"

"सकाळपर्यंत."

आत्यानं मला कन्नडमध्ये काय म्हटलं ते सगळं कळलं नाही, पण चांगलं नव्हतं. ती दुसरीला घेऊन गेली. वरवंटा ताटावर आपटल्याचा आवाज बराच लांबपर्यंत येत होता.

मुलाच्या आईनं डोळे उघडले. बांगड्या मनगटावरून जरा वर सारल्या आणि मला म्हणाली, "पुढची ओळ सांग. नणंद सकाळी परत येईल."