मायच्या गालावर किटली

किटली माह्या मायच्या तोंडावर ठेवली होती. चहाची. गरमागरम.

माय चित्रातली. प्लायवूडच्या फळीवर मी रंगवलेली. स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर २ मधल्या एका साहेबाच्या क्वार्टरात टेबलाचं पॉलिश खराब होऊ नये म्हणून मॅडमनं थे फळी किटलीखाली घातली होती. भोवताल साहेबलोक अन् त्यांच्या बायका. सारे आमच्याच विदर्भाकडचे, मराठी बोलणारे. अन् चर्चा कशाची? एका जुन्या फ्रेंच कादंबरीची. त्यातला चित्रकार गरीब. जीव ओतून चित्र काढते, अन् प्रदर्शनात लोक त्याच्या चित्रापुढं पोट धरून हसते. सांगता सांगता मॅडमनं पदरानं डोळे पुसले.

"समाजाला कलावंत कळतच नाही हो," मॅडम म्हणाल्या. किटली उचलली, कपात चहा ओतला. किटली पुन्हा मायच्या तोंडावर.

मी खुर्सीपारची, प्लांटच्या मजुरांच्या वस्तीतली. बाप प्लांटमध्ये ठेकेदाराकडं पेंटर. कमरेले दोर बांधून उंचावर लटके अन् लोखंड रंगवे. लोखंडाले गंज लागू नये म्हणून आधी रेड ऑक्साईडचा लाल हात मारते, मग त्यावर रंग. मी ब्रश धरायले त्याच्याजवळच शिकली. म्हणून प्लायलेही आधी रेड ऑक्साईड मारला, सुकू दिला अन् त्यावर माय काढली. चित्र असंच काढते, असं वाटे मले. दुसरं सांगणारं होतं कोण? माय ठेक्यातच झाडू मारे. ड्युटीवरून आली का डोक्याचं फडकं सोडून दारात बसे. तशी काढली. सारा उन्हाळा थेच करून राहिली होती मी.

हुडको कॉलनीतल्या एका शाळेची भिंत मी रंगवली होती. थे पाहून मॅडमनं बोलावलं. "आमच्या बैठकीसाठी मागचा पडदा रंगवून दे, पॅरिसचा. तुझं स्वतःचं एखादं चित्रही आण. सगळ्यांना दाखवू. रायपूरच्या प्रदर्शनवाल्यांशी ओळख आहे माझी."

रायपूरच्या भिंतीवर माही माय! त्या दिवशी जेवण गेलं नाही मले.

बैठकीच्या दिवशी दारातच मॅडमनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. एवढंच. फळी माह्या हातातून घेतली अन् मले मागच्या अंगणात बसायले सांगितलं. मी बसली. आता चित्र दाखवतीन, मग बोलावतीन, असं मनाले सांगत बसली. बोलावलं तं पडद्याची दोरी ढिली झाली म्हणून. आत आली अन् किटली दिसली.

मी टक लावून पाहून राहिली, तं एका साहेबानं फळीकडं बोट केलं. "किनारे पे ये लाल-लाल क्या है? गेट का कलर?"

सारे हसले. पोट धरून. मॅडमही हसल्या. मग मले म्हणाल्या, "चांगलं काढलंयस गं. पण इतकी काळी का केलीस बाई? जरा उजळ असती तर भिंतीवर लावलं असतं."

अंगाची आग आग झाली माह्या.

"किटली उचला," मी म्हणलं.

"काय?"

"किटली उचला. माही माय आहे थे."

कोणी हाललं नाही. मीच झटक्यानं उचलली, चहा उसळून सांडला. बुडाले चिकटून गालावरचा रंग निघून आला. खालचा रेड ऑक्साईड उघडा पडला. मायच्या गालावर लाल गोल.

"एवढं काय त्यात? टच-अप करून घे," मॅडम म्हणाल्या. "चहा सांडलास बघ सगळ्यांवर. सॉरी म्हण."

"म्हणत नाही."

फळी काखेत मारली. जाता जाता पडद्याची दोरी ओढली. अख्खं पॅरिस साहेबांच्या डोक्यावर पडलं.

घरी मायनं पाहिलं. "काय झालं वं? कावून रडून राहिली?" मी सांगितलं. तिनं त्या लाल गोलावर बोट फिरवलं. "मले थोडाच चटका लागला? मोठे लोक हायत थे. जाऊ दे. रंग लावून टाक ना वं."

साहेबांच्या हसण्यापेक्षा हे जास्त लागलं मले. तिच्यावरच ओरडली मी. रंग मात्र लावला नाही.

मग थे कादंबरी मी हिंदीत शोधून वाचली. शेवटी त्यातला चित्रकार आपल्याच चित्रापुढं फाशी घेते. मॅडम तिथंच रडल्या असतीन. मेलेला चित्रकार लय आवडते या लोकाइले. किटली उचला म्हणत नाही ना थो! मी कशाले मरू? माहे ब्रश चालू हायत.

परवा, इतक्या वर्षांनी, मॅडमचा फोन आला. कोण्या हॉलमध्ये इथल्या चित्रकारांचं प्रदर्शन ठेवून राहिल्या. आवाजात साखर. "ते आईचं चित्र आहे ना अजून? नक्की आण. तेवढा डाग काढून टाक, बरं का."

"आणते," मी म्हणलं. "डाग तसाच राहू देईन. अन् खाली पाटी लावीन, किटली कोणाची होती थे लिहून. आडनावासकट."

फोन कटला.

माय आता नाही. फळी माह्या दारासमोर उभी आहे, अन् तिच्या बाजूले लहान पाटी. पाटीले रेड ऑक्साईड मारला आहे. सुकला का अक्षरं टाकते. थ्या हॉलमध्ये घेतलं नाही तं खुर्सीपारच्या चौकात लावीन दोन्ही. पहिल्या शिफ्टले जाणाऱ्या साऱ्याइनं वाचलं पाहिजे.